बांध दोन मीटरचा नसतो

फार्मिंग सिम्युलेटर या खेळातली जमीन म्हणजे मुळात एक काळंपांढरं चित्र. पांढरं ते उंच, काळं ते सखल. खेळाच्या 22 या आवृत्तीत नेहमीच्या आकाराच्या नकाशाला हे चित्र उभं-आडवं 1025 ठिपक्यांचं लागतं आणि दोन ठिपक्यांमधलं अंतर असतं 2 मीटर. म्हणजे एका बाजूला 2048 मीटर आणि एकूण जमीन साधारण 419 हेक्टर. खेळ स्वित्झर्लंडच्या जायंट्स सॉफ्टवेअरचा, पहिली आवृत्ती 2008 ची. नकाशा करण्याचं त्यांचं साधन, जायंट्स एडिटर, फुकट मिळतं. त्याच्यावर जगभरातली हौशी माणसं आपापली खोरी आणि गावं उभी करतात. मी कराडच्या बाजूचं, कृष्णाकाठचं एक शिवार उभं करतो आहे.

पहिली अडचण उंचीची. स्विस नकाशाकाराला त्याच्या सरकारकडून अर्ध्या-अर्ध्या मीटरवर मोजलेली उंची मोफत मिळते. माझ्या हाताशी आहेत ती एन्डेव्हर यानाने फेब्रुवारी 2000 मध्ये रडारने घेतलेली मापं. तीस मीटरला एक आकडा, तोही पूर्ण मीटरात. डोंगरउतारावर हे खपून जातं. नदीकाठच्या सपाट मळईवर मात्र जिथे जमीन शे-दोनशे मीटरांत जेमतेम मीटरभर उतरते, तिथे या आकड्यांतून पायऱ्या तयार होतात. खऱ्या शिवारात डोळ्यांना न दिसणारा उतार पडद्यावर घाटासारखा दिसायला लागतो. शिवाय रडारला दाट झाडीच्या तळची जमीन नीट दिसत नाही, त्यामुळे आमराईच्या जागी टेकाड उगवतं. ते सगळं घासून गुळगुळीत करायचं, आणि गुळगुळीत करताना ओढ्याचा काठ पुसला जाणार नाही हे बघायचं. खेळात उंचीला सहसा 255 मीटरांची पट्टी असते. समुद्रसपाटीपासूनची उंची तिच्यात मावत नाही, म्हणून शिवारातल्या सगळ्यात सखल जागेला शून्य धरून बाकीचं त्यावर चढवावं लागतं.

उतार जमला की बांध. माझा सगळ्यात जास्त वेळ इथेच गेला, आणि तो जायलाच हवा असं मला वाटतं. ठिपके दोन-दोन मीटरांवर असतील तर एक ठिपका उचलला की चार मीटर पायाचा उंचवटा होतो. आपला बांध कुठे चार मीटरचा असतो? दोन-तीन फुटांचा, त्यावर हराळी, एखादी बाभूळ. म्हणून जमीन उचलायचा नाद सोडायचा. पिकाचा आणि गवताचा थर मात्र अर्ध्या मीटरच्या बारकाईने रंगवता येतो. त्यात दोन शेतांच्या मध्ये गवताची एक-दोन ठिपक्यांची रेघ सोडायची आणि जिथे खरंच उंच ताल आहे तिथे वेगळी वस्तू म्हणून ती बसवायची. उपग्रहाच्या चित्रावरून या रेघा गिरवता येतात, पण बांध अमुक ठिकाणी का वळला हे चित्र सांगत नाही. ते सांगतो उतार. पावसाचं पाणी जिथून वाहतं तिथे बांध वळतो, पाट जातो, आणि विहीर त्या हिशेबाने बसते. उतार आधी नीट झाला तर रेघा आपोआप पटतात. आधी रेघा ओढल्या तर शिवार कागदी वाटतं.

मग मालकी. खेळात जमीन विकत घेता यावी म्हणून प्रत्येक तुकड्याला क्रमांक द्यावा लागतो. तो थर आठ बिटांचा, म्हणजे 256 आकडे, आणि त्यातलेही सगळे वापरता येत नाहीत. 2015-16 च्या कृषिगणनेनुसार महाराष्ट्रातलं सरासरी खातं 1.34 हेक्टरचं. माझी 419 हेक्टर जमीन त्या हिशेबाने वाटली तर तीनशेच्या वर खाती होतात! गावठाण, नदीचं पात्र आणि गायरान वगळूनही ओढाताण होतेच. यावर मी भावाभावांच्या वाटणीतल्या पट्ट्यांना एकच क्रमांक दिला, पण मधले बांध तसेच ठेवले. विकत घेताना तीन पट्ट्या एकदम मिळतात, नांगरताना मात्र तीनदा वळावं लागतं. शेताची हद्द खेळाला कळवायची तर तीन कोपरे देऊन समांतरभुज चौकोन काढावा लागतो. आपली वाकडी पट्टी एका चौकोनात बसत नाही, तीन-चार जोडावे लागतात. कंटाळवाणं काम आहे, पण करावंच.

पिकांच्या बाबतीत खेळ आपल्याला बराच जवळचा आहे. ऊस, कापूस, सोयाबीन, द्राक्षं, ज्वारी, सगळं आहे. पण ज्वारी कापली की दाणे मिळतात, कडबा मिळत नाही. गहू, जव आणि ओटचा पेंढा मिळतो. ज्याच्या दावणीला दोन म्हशी आहेत त्याला विचारा, कडब्याशिवाय ज्वारी कशाला पेरायची. नकाशासोबत पिकांची फाइल स्वतःची देता येते, म्हणून ते मी बदलतो आहे. हवामानाचंही तसंच. नकाशाच्या हवामानाच्या फाइलमध्ये तापमान आणि पावसाचं प्रमाण आपण भरायचं, नाहीतर डिसेंबरात कराडला बर्फ पडेल. रस्त्यावरच्या गाड्या ज्या रेषेवरून धावतात, ती ज्या दिशेने काढावी त्या दिशेने त्या जातात. डावीकडून वाहतूक हवी तर रेषा तशाच काढायच्या, एवढं सोपं.

पाणंद हा खरा पेच. खेळातली बरीच यंत्रं तीन मीटरपेक्षा रुंद, आणि पाणंद दोन्हीकडच्या घाणेरीने आवळलेली. ती रुंद केली की सगळं सुरळीत चालतं आणि शिवार आपलं राहत नाही. मी ती अरुंदच ठेवली आहे. मोठं यंत्र लांबच्या रस्त्याने जाईल, छोटा ट्रॅक्टर आत जाईल. आपल्याकडे तसंच होतं.

2024 च्या आवृत्तीत भातही आला आहे, तेव्हा कोकणातल्या कुणीतरी खाचरांचा नकाशा करावा ही मनापासून इच्छा आहे. गटांच्या हद्दी शासनाच्या महाभूनकाशा संकेतस्थळावर बघायला मिळतात. त्या उतरवून घ्या, पण एडिटर उघडण्याआधी पावसाळ्यात एकदा शिवारातून चालून या, पाणी कुठून कुठे जातं ते बघा. आणि खेळायला सोपं जावं म्हणून बांध सरळ करू नका.