पाटी नसलेले घर

पुण्यात घर शोधणाऱ्याचा पहिला समज असा असतो की, जे विकाऊ आहे त्याची जाहिरात कोठे ना कोठे असणारच. वस्तुस्थिती तशी नाही. घर काढण्याचा विचार मनात येणे आणि तो चारचौघांत बोलून दाखविणे, यांत पुष्कळदा वर्ष-दोन वर्षे जातात. मुले परदेशी स्थायिक झालेले वृद्ध दांपत्य, जिना चढवेनासा झालेले निवृत्त गृहस्थ, वडिलांच्या मागे वाटण्या करू पाहणारी भावंडे, यांपैकी कोणालाच शेजारीपाजारी चर्चा नको असते. जाणता दलाल घर हुडकतो ते या मधल्या अवस्थेत.

त्याची रीत गूढ नाही. तो सारे शहर पालथे घालीत नाही. कोथरूडच्या चार गल्ल्या किंवा सदाशिव पेठेतील काही वाडे, एवढेच क्षेत्र धरून बसतो. सोसायटीचे चिटणीस, वकील, रखवालदार, रंगारी यांच्याशी त्याचा घरोबा असतो. भाडेकरू गेल्यावर बंद राहिलेली सदनिका, पुनर्विकासाची बोलणी निघालेली जुनी सोसायटी, हे त्याला आधी कळते. मग तो मालकाला सरळ विचारतो : अमुक कुटुंबाला, अमुक रकमेपर्यंत, याच आळीत घर हवे आहे, आपला विचार आहे काय? खरे गिऱ्हाईक पाठीशी नसेल तर या विचारपुशीला वजन येत नाही. म्हणून घेणाऱ्याने आपली गरज व ऐपत मोघम न ठेवता नेमकी सांगितली पाहिजे.

परंतु जे घर बाजारात आले नाही, त्याची किंमतही बाजारात ठरलेली नसते. एकटा वृद्ध मालक कमी दराला राजी होतो. 'आतली बातमी' म्हणून घेणारा जास्त मोजतो. यावर उपाय १९०८ च्या नोंदणी कायद्यात आहे. शेजारचे घर किती रकमेस विकले गेले, हे 'सूची क्रमांक २' मध्ये कोणालाही फी भरून पाहता येते. शिवाय वाडा असेल तर मिळकतपत्रिका व सर्व वारसांच्या सह्या, सदनिका असेल तर भागपत्र व थकबाकीचा दाखला पाहावा. वकिलाकडून तीस वर्षांचा शोध घ्यावा व वृत्तपत्रात जाहीर नोटीस द्यावी. नोंदणीकृत नव्या प्रकल्पांतील दलालास २०१७ पासून महारेराची नोंदणी लागते; जुन्या घराच्या फेरविक्रीत तो आधार नसतो. तेव्हा दलाल दोन्हीकडून दलाली घेणार काय, हे आरंभीच विचारावे.

आम्ही एवढेच सांगू : घर गुपचूप सापडले तरी हरकत नाही, ते गुपचूप घेऊ मात्र नये.