रिकामी झालेली जागा

बांद्याच्या आठवडा बाजारात सकाळी एका कोपऱ्यात नारळवाला बसला आहे, असे समजा. दुपारी त्याचे नारळ संपतात आणि तो निघून जातो. लगेच त्याच जागी सुकी मासळी विकणारी बाई टोपली मांडते. अम्मीने मात्र सकाळीच चिठ्ठी लिहिलेली असते, "नारळ, डावीकडचा कोपरा." तुम्ही संध्याकाळी जाता, न पाहताच टोपलीत हात घालता आणि हातात येतो सुका बांगडा!

संगणकातही असा घोटाळा होतो. त्याच्या स्मृतीत क्रमांक दिलेल्या असंख्य जागा असतात. प्रोग्राम जागा घेतो, काम झाले की सोडतो. जागा सोडली, पण तिची चिठ्ठी तशीच राहिली, तर पुढे कोणाचाही माल हाती येतो.

याचे एक खरे उदाहरण पाहा. सॅल्वातोर सानफिलिप्पो या इटालियन प्रोग्रामरने २००९ साली रेडिस हा प्रोग्राम तयार केला. त्याचा सोर्स कोड कोणालाही वाचता येतो. मोठमोठी संकेतस्थळे आपली माहिती त्यात ठेवतात. २०१२ पासून त्यात लुआ ही छोटी भाषा आहे. ही भाषा १९९३ साली ब्राझीलमध्ये जन्मली. पोर्तुगीज भाषेत लुआ म्हणजे चंद्र, आपला चाँद.

लुआमध्ये लिहिलेली आज्ञावली एका आभासी यंत्रावर चालते. म्हणजे हे यंत्र लोखंडाचे नसून तेही एक प्रोग्रामच असते. त्यात एक सफाईवाला असतो. तो अधूनमधून फेरी मारतो आणि ज्या सामानाची पावती वहीत नाही, ते उचलून टाकतो. आज्ञावली वाचताना यंत्र तिचे नाव स्मृतीत लिहीत असे, पण त्याची पावती वहीत करायचे राहून गेले होते. नेमका त्याच क्षणी सफाईवाला आला, तर नाव जाई आणि चिठ्ठी उरे. आज्ञावली पाठवू शकणारा लबाड माणूस त्या रिकाम्या जागेत आपला माल भरून सगळा संगणकच ताब्यात घेऊ शकला असता.

सफाईवाला नेमका तेव्हाच येणे फार दुर्मीळ. म्हणून ही चूक सुमारे तेरा वर्षे लपून राहिली! २०२५ साली विझ या कंपनीच्या संशोधकांना ती सापडली. धोक्याच्या मोजपट्टीवर तिला १० पैकी १० गुण मिळाले. इंटरनेटवर उघड्या असलेल्या सुमारे ६०,००० रेडिसना तर साधा पासवर्डही नव्हता.

अशी चूक पकडायची कशी? सफाईवाल्याला पावलोपावली बोलवायचे, म्हणजे क्वचित होणारी चूक वारंवार होते. सोबत ॲड्रेस सॅनिटायझर हे साधन लावायचे. ते सोडलेली जागा लगेच दुसऱ्याला देत नाही, तिच्यावर जणू लाल निशाण लावते. तिला कोणी हात लावला, की प्रोग्राम तिथेच थांबतो आणि जागा कोणी घेतली, कोणी सोडली, नंतर कोणी हात लावला, हे सगळे छापून देतो. प्रोग्राम यामुळे बराच मंदावतो, पण तपासणीच्या वेळी ते चालते.

३ ऑक्टोबर २०२५ रोजी रेडिसची दुरुस्त आवृत्ती आली. दुरुस्ती थोड्याच ओळींची होती. आज्ञावली वाचण्याआधी तिच्या नावाची पावती वहीत करायची, वाचून झाली की ती काढून टाकायची.