दवाखान्यात बदली डॉक्टर आलेत? माघारी फिरू नका

"साहेब रजेवर आहेत, आज दुसरे डॉक्टर आलेत," असं प्राथमिक आरोग्य केंद्रात कळलं की बरेच जण केसपेपर न काढताच गावाकडं परततात. सर्दी-पडशाचं एकवेळ निभावतं. पण बीपी-शुगरच्या गोळ्या संपलेल्या माणसानं आठवडाभर वाट पाहिली, तर ते अंगाशी येऊ शकतं.

सपाट भागात 30 हजार आणि आदिवासी-डोंगरी भागात 20 हजार लोकसंख्येमागं एक केंद्र, असा निकष आहे. तिथले डॉक्टर रजेवर किंवा प्रशिक्षणाला गेले की दुसऱ्यांकडं काम येतं. कधी शासकीय कॉलेजातून नुकतेच बाहेर पडलेले, बंधपत्राची सेवा करणारे तरुण डॉक्टरही असतात. वय लहान दिसलं तरी पदवी पूर्ण झालेली असते.

पाटीवरच्या पदव्या

एमबीबीएस : ॲलोपॅथीची पदवी. साडेचार वर्षं शिक्षण, एक वर्ष इंटर्नशिप.

बीएएमएस : आयुर्वेदाची पदवी, कालावधी तितकाच. राज्यात अनेक आरोग्य केंद्रांत हेच वैद्यकीय अधिकारी आहेत.

बीएचएमएस : होमिओपॅथीची पदवी.

एमडी, एमएस : पदवीनंतर आणखी तीन वर्षं एका विषयाचं शिक्षण. एमडी आयुर्वेद आणि होमिओपॅथीतही असते, म्हणून 'कशातले एमडी' हे विचारावं.

सीएचओ : उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी. हे बीएएमएस किंवा नर्सिंग शिकलेले असतात. बीपी-शुगर तपासणं, डॉक्टरांनी लिहिलेल्या गोळ्या पुढं चालू ठेवणं आणि गरज पडली तर वर पाठवणं हे त्यांचं काम.

जाताना काय न्यावं?

नव्या डॉक्टरला आपला आजार माहीत नसतो. "ती पांढरी गोळी" म्हणून त्याला काही कळत नाही. जुनी चिठ्ठी, तपासणीचे रिपोर्ट आणि गोळ्यांची रिकामी पाकिटं सोबत न्यावीत. कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, बाई गरोदर आहे का, दुसरीकडं औषध चालू आहे का, हे आपणहून सांगावं.

डॉक्टरची पदवी आणि नोंदणी क्रमांक विचारण्यात अपमान नाही. इंजेक्शन मारता येतं म्हणून कोणी डॉक्टर होत नाही.

साप चावला, छातीत दुखलं किंवा बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या, तर मात्र 'आपले साहेब' कधी येणार हे बघत बसू नये. लगेच 108 ला फोन करावा.