इंजिन बदलले आणि आस तुटला

लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर २०१० नंतरच्या दशकात पाव मैलाच्या मोटार शर्यती झाल्या. जगात कोठेही अशा शर्यती पाहिल्या, तर एक प्रकार हमखास दिसतो. मूळचे इंजिन काढून दांडगे इंजिन बसवलेली गाडी, इशारा मिळताच कडकन आवाज, आणि गाडी जागच्या जागी. इंजिन ठणठणीत असते. तुटलेला असतो चाकाकडे जाणारा आस.

मोठ्या इंजिनाचा मोह समजण्याजोगा आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यावर मात करण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट हवा असेल, तर शक्ती आठपट हवी. पण आसाला शक्तीशी कर्तव्य नसते. त्याला सोसावा लागतो तो पीळ, म्हणजेच टॉर्क.

थोडे गणित करू. इंजिनाचा टॉर्क १०० न्यूटन-मीटर आहे. पहिल्या गिअरमध्ये तो साडेतीनपट आणि शेवटच्या दातेरी जोडीत चौपट होतो, म्हणजे एकूण १४००. दोन आसांवर ७०० - ७००. चालत्या चाकांवर ५०० किलोचा भार आणि घर्षणांक ०.८ धरला, तर रस्ता टायरला जास्तीत जास्त सुमारे ४००० न्यूटन बल देऊ शकतो. चाकाची त्रिज्या ०.३ मीटर असल्यास एका आसावर ६०० न्यूटन-मीटरच येतात. त्यापुढे चाक घसरते. आता इंजिन दुप्पट टॉर्कचे बसवा. चाक आणखी जोरात घसरेल, पण आसावर येणारा स्थिर पीळ ६०० चाच राहील! मग मालक मऊ, चिकट टायर आणतो. घर्षणांक १.२ झाला की तोच पीळ ९०० वर जातो आणि आस जातो. घसरणारे टायर आसाचे रक्षक होते, हे तेव्हा कळते. (क्लच एकदम सोडल्यास फिरत्या चक्राचा झटका वेगळाच.)

उपाय आहे. भरीव आसाची पीळ सोसण्याची क्षमता व्यासाच्या घनाच्या प्रमाणात असते. २५ ऐवजी २८ मिलिमीटर व्यास घेतला, तर ती सुमारे ४० टक्क्यांनी वाढते. मात्र मग पाळी गिअरच्या दात्यांची!

साखळीचेही तसेच. सदाशिव पेठेतल्या कोणत्याही शाळेच्या सायकल-स्टँडवर हे मोजता येईल. ६० किलोचा विद्यार्थी आडव्या पॅडलवर पूर्ण भार देऊन उभा राहिला, क्रँक १७ सेंटिमीटर आणि पुढच्या दातेरी चक्राची त्रिज्या ९ सेंटिमीटर असली, तर चेन ११३ किलो वजन टांगल्याइतकी ताणली जाते. चेन चढावर तुटते ती उगीच नाही.

साखळीवरच चालणारी एक विक्रमी मोटार होती, 'बॅब्स'. तिच्यात २७ लिटरचे, सुमारे ४५० अश्वशक्तीचे लिबर्टी विमान-इंजिन होते; गिअरपेटी आणि साखळीची रचना मात्र पहिल्या महायुद्धाआधीच्या बेंझ गाडीची. पॅरी-टॉमस यांनी १९२६ मध्ये वेल्समधील पेंडाइनच्या वाळूवर तिच्यातून ताशी सुमारे २७५ किलोमीटरचा विक्रम केला. ३ मार्च १९२७ रोजी तिथेच धावताना ते मरण पावले. तुटलेल्या साखळीचा तडाखा बसला, असे त्या वेळी मानले गेले. मोटार वाळूतच पुरली गेली. १९६९ मध्ये ती उकरून काढल्यावर मागचे चाक आधी निकामी झाले असावे, असाही तर्क पुढे आला. आमच्या मते दोन्हींतला फरक फारसा नाही: नवे इंजिन जुन्या जोडणीतला सर्वांत अशक्त दुवा शोधून काढतेच.

अँडी ग्रीन यांनी १५ ऑक्टोबर १९९७ रोजी नेवाडातील ब्लॅक रॉक वाळवंटात 'थ्रस्ट एसएससी' ताशी सुमारे १२२८ किलोमीटर वेगाने नेली, तेव्हा हा प्रश्न मुळातच नव्हता. दोन जेट इंजिने हवेला मागे ढकलत होती; गिअरपेटी नव्हती, साखळी नव्हती, आणि चाके नुसती गडगडत होती.