मळीचे पाणी आणि यीस्ट



कऱ्हाडपासून सांगलीपर्यंत कृष्णाकाठी मळीच्या पाण्याची ओळख करून द्यावी लागत नाही. ते वासानेच कळते. साखर काढून उरलेल्या मळीत यीस्ट, म्हणजे किण्व, घालून मद्यार्क करतात. तो उकळून काढून घेतला की मागे राहते हे तपकिरी, आंबट, कढत पाणी. एका लिटर मद्यार्कामागे आठ ते पंधरा लिटर.

नदीत ते शिरले की मासे बहुधा गुदमरून मरतात. त्यातला सेंद्रिय माल कुजताना पाण्यातला प्राणवायू ओढून घेतो. एका लिटरला सुमारे चाळीस ग्रॅम प्राणवायू लागतो, आणि नदीच्या एका लिटरात तो असतो जेमतेम आठ मिलिग्रॅम. गुरुजी, हे गणित फळ्यावर मांडाच: एक लिटर घाण पाच हजार लिटर नदीचा श्वास कोंडते!

आता गंमत पाहा. ज्या यीस्टने हे पाणी केले, त्याच्याच भाऊबंदांकडून ते साफ करता येते. मद्यार्काचे यीस्ट साखर खाते. ग्लिसरीन, आम्ले वगैरे उष्टे तसेच टाकते. टोरुला जातीचे यीस्ट ते उष्टे खाते. मात्र त्याला भरपूर हवा द्यावी लागते. हवा मिळाली की यीस्ट अंगाने वाढते, हे पाश्चरने १८६१ साली दाखवले होते. वाढलेले यीस्ट गाळून वाळवले की जनावरांना प्रथिनांचे खाद्य होते. भूमध्य समुद्राकाठी ऑलिव्हच्या घाण्यांतूनही असेच काळे पाणी निघते. तिथेही शास्त्रज्ञांनी त्यावर यीस्ट वाढवून पाहिले आहे.

मग आपल्याकडे सर्रास हेच का करत नाहीत? हवा फुंकायला वीज लागते. उलट मिथेन करणाऱ्या जिवाणूंना हवा नको, वर गॅस मिळतो. म्हणून कारखान्यांचा ओढा तिकडे. शिवाय तपकिरी रंग यीस्टला फारसा पचत नाही, आणि क्षार तर राहतातच. त्यातला पोटॅश तुमच्याच उसाने जमिनीतून उचललेला असतो. हे पाणी आटवून जाळले की राखेत तो सापडतो. मळीपासूनचे हे पोटॅश खत २०२१ साली अनुदानाच्या यादीत आले.

तेव्हा कुणी टँकरवाला कच्चे पाणी फुकट रानात सोडतो म्हणाला, तर त्याला बांधावरूनच परत लावा. खाली तुमची विहीर आहे.