इंजेक्शनाआधीचं काम

कुपीच्या तळाशी पांढऱ्या भुकटीचा घट्ट थर असतो. सिस्टर त्यावर १.४ मिलिलिटर निर्जंतुक पाणी सोडतात, कुपी उभी धरतात आणि मिनिटभर हलकेच गोल फिरवतात. फिरवायची, खाली-वर हलवायची नाही. हलवली की फेस होतो आणि मग औषध सिरिंजमध्ये धड ओढलं जात नाही. नंतर कुपी ट्रेमध्ये ठेवायची, दर पाच मिनिटांनी उचलून पुन्हा पाच-दहा सेकंद फिरवायची आणि उजेडासमोर धरून बघायची. तळाशी चिकट कण दिसत असतील तर अजून थांबायचं. पंधरा-वीस मिनिटं सहज जातात. शेवटी जे तयार होतं ते काकवीसारखं संथपणे सिरिंजमध्ये चढतं. त्यातलं १.२ मिलिलिटर, म्हणजे १५० मिलिग्रॅम, दंडात कातडीखाली द्यायचं. टोचायला दहा सेकंद लागतात, तेही औषध दाट असतं म्हणून.

पुण्यातल्या एका रुग्णालयाच्या डे-केअर विभागात बसून मी हे बघत होतो. औषधाचं नाव ओमालिझुमॅब. दमा, इसब आणि ॲलर्जीसाठी जी ‘बायोलॉजिकल’ औषधं निघाली, त्यांतलं हे सगळ्यांत जुनं. अमेरिकेत त्याला २००३ साली मान्यता मिळाली. हल्ली ते तयार भरलेल्या सिरिंजमध्येही मिळतं, पण इथे अजून कुपीच येते.

ही औषधं रसायनं जोडून बनत नाहीत. चिनी हॅमस्टर नावाच्या उंदरासारख्या प्राण्याच्या अंडाशयातल्या पेशी मोठ्या टाक्यांमध्ये वाढवतात आणि त्या पेशींकडून हवं ते प्रतिपिंड तयार करून घेतात. प्रतिपिंड म्हणजे शेवटी प्रथिनच. गोळी करून गिळलं तर पोटात डाळीबरोबर पचून जाईल, म्हणून सुई. आणि प्रथिन म्हणून फ्रीज, २ ते ८ अंश. ‘थंड ठेवा’ एवढंच ऐकून लोक औषध बर्फात पुरून आणतात, असं सिस्टर सांगत होत्या. गोठलं की ते गेलं, वितळवून वापरता येत नाही. हजारो रुपयांची कुपी अशी टाकून द्यायची वेळ आली की नातेवाइकाच्या तोंडाकडे बघवत नाही, म्हणाल्या.

पण कुपी ट्रेमध्ये येण्याआधी बरंच काही झालेलं असतं, आणि मला रस त्यातच जास्त वाटला.

दम्याच्या रुग्णाला इथले डॉक्टर पहिल्यांदा पंप वापरून दाखवायला सांगतात. इंजेक्शन घ्यायच्या तयारीने हडपसरहून आलेले एक काका या प्रश्नाने जरा दुखावलेच. “बारा वर्षं घेतोय हो.” मग त्यांनी पंप तोंडासमोर धरला, दाबला, औषध जिभेवर बसलं आणि श्वास नंतर घेतला. दुसरे एक गृहस्थ पंपात घालायची कॅप्सूल पाण्याबरोबर गिळत होते. हसण्यासारखं आहे, पण त्यांना कुणी दाखवलंच नव्हतं. पंप बरोबर घेतला, रोज घेतला, घरातली धूळ-धूर कमी केला आणि दोन-तीन महिने थांबलं, तर बऱ्याच फायली इथेच बंद होतात. काकांना त्या दिवशी इंजेक्शन मिळालं नाही, पंपाला जोडायचा स्पेसर मिळाला. ते नाराज होऊन गेले.

मला हे फार महत्त्वाचं वाटतं. ‘ग्लोबल बर्डन ऑफ डिसीज’च्या २०१९ च्या अंदाजानुसार जगातले साधारण १३ टक्के दमेकरी भारतात आहेत, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंमध्ये आपला वाटा ४० टक्क्यांच्या वर जातो. ही दरी महागड्या इंजेक्शनांनी भरणारी नाही. ‘पंपाची सवय लागते’ म्हणून तो माळ्यावर टाकणारं घर आणि मृगाला हैदराबादेत दम्यावर उपाय म्हणून जिवंत मासा गिळायला रांग लावणारं घर पुष्कळदा एकच असतं.

पंप नीट घेऊनही ज्यांचा दमा आटोक्यात येत नाही, वर्षातून तीन-चारदा स्टेरॉइडच्या गोळ्यांचा कोर्स घ्यावा लागतो, ते थोडे लोक उरतात. या गोळ्यांनी जीव वाचतो, पण हाडं ठिसूळ होतात, साखर चढते, मोतीबिंदू लवकर येतो. हे इंजेक्शन खरं त्यांच्यासाठी. त्यांच्यातही कुणाला कुठलं, हा पुढचा प्रश्न.

ओमालिझुमॅबचा तक्ता भिंतीवर लावलाय. उभ्या बाजूला रक्तातलं आयजीई, म्हणजे ॲलर्जीचं प्रतिपिंड, आडव्या बाजूला वजन. सिस्टर दोन्हींकडून बोट सरकवत आणतात आणि जिथे मिळतं तिथला आकडा वाचतात. काहींना चार आठवड्यांनी एकच कुपी, काहींना दोन आठवड्यांनी चार. एका जागी १५० मिलिग्रॅमपेक्षा जास्त टोचत नाहीत, त्यामुळे चार कुप्या म्हणजे चार टोचण्या. तक्ता आयजीई १५०० ला संपतो. फुफ्फुसात ॲस्परजिलस बुरशीची ॲलर्जी झालेल्या रुग्णांचे आकडे पाच-सात हजारांत असतात, ते तक्त्यात बसतच नाहीत. तिथे डॉक्टरांना आपला अंदाज चालवावा लागतो.

हे आयजीई १९६६-६७ च्या सुमारास सापडलं. अमेरिकेत डेन्व्हरला किमिशिगे आणि तेरुको इशिझाका हे जपानी जोडपं आणि स्वीडनमध्ये उप्सालाला योहानसन आणि बेनिश, दोन्हीकडे काम वेगवेगळं चाललं होतं. इशिझाका पती-पत्नींनी तर स्वतःच्याच कातडीवर टोचून प्रयोग केले. रक्तात अत्यल्प असणारं हे प्रतिपिंड मास्ट पेशींवर जाऊन बसतं. धुळीतला किडा किंवा परागकण त्याला भेटला की पेशी फुटल्यागत हिस्टामिन सोडते आणि शिंका, खाज, धाप सुरू होते. ओमालिझुमॅब रक्तात सुटं फिरणारं आयजीई पेशीपर्यंत पोचायच्या आधीच धरून ठेवतं. पेशींवर आधीच बसलेलं ओसरायला वेळ लागतो, म्हणून दम्यात गुण आला की नाही हे सोळा आठवड्यांनी ठरवतात.

या सोळा आठवड्यांत एक गंमत हमखास होते. मी असताना एक जण स्वतःहून आयजीईची तपासणी करून आला. “सिस्टर, पाचशे होतं, आता पंधराशे झालंय! औषध उलटलं का?” उलटलं नव्हतं. औषधाने धरलेलं आयजीई रक्तातून सावकाश निघतं, आणि लॅब सुटं आणि धरलेलं दोन्ही एकत्र मोजते. उपचार सुरू झाल्यावर हा आकडा वाढायचाच, आणि तो बघून डोस बदलायचा नसतो. त्याला दोनदा समजावलं, तरी जाताना कागद घडी करून त्याने काळजीने खिशात ठेवला.

दुसरं औषध मेपोलिझुमॅब. ते आयएल-५ नावाचा संदेश अडवतं, त्यामुळे इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी कमी होतात. त्याची कहाणी मला सगळ्यांत बोलकी वाटते. २००० साली ‘लॅन्सेट’मध्ये छापलेल्या चाचणीत इओसिनोफिल घटले, पण दम्यावर परिणाम दिसला नाही. पुढच्या मोठ्या चाचणीतही फारसं हाती लागलं नाही. औषध जवळजवळ गुंडाळल्यात जमा होतं. मग इंग्लंडमध्ये लेस्टरच्या आणि कॅनडात हॅमिल्टनच्या परमेश्वरन नायर यांच्या गटाने वेगळं केलं. सरसकट दमेकरी घेतले नाहीत, थुंकी तपासून तिच्यात इओसिनोफिल भरपूर असलेलेच निवडले. २००९ मध्ये दोन्ही चाचण्या दुसऱ्या एका नियतकालिकाच्या एकाच अंकात छापून आल्या आणि अटॅक स्पष्टपणे कमी झालेले दिसले. औषध तेच होतं, फक्त माणसं नीट निवडली होती. २०१५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. बेनरालिझुमॅब त्याच वाटेवरचं. पहिल्या तीन डोसांनंतर ते आठ आठवड्यांनी एकदाच घ्यावं लागतं, म्हणून गावाकडून येणाऱ्यांना परवडतं, निदान एस.टी.च्या हिशोबाने.

इओसिनोफिल मोजायला साधी रक्ततपासणी पुरते. मात्र आपल्याकडे तिच्यात दोन खोड्या आहेत. पोटात जंत असले तरी हा आकडा चढतो, आयजीईही चढतं. आणि स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असताना रक्त घेतलं तर तोच आकडा खाली पडतो. त्यामुळे इथे जुने रिपोर्ट मागवतात, शौचाची तपासणी करतात आणि ‘जंताची गोळी शेवटची कधी घेतली?’ हा प्रश्न सुटाबुटातल्या माणसालाही न लाजता विचारतात.

शेजारच्या खोलीत त्वचेचे रुग्ण. लहानपणापासून इसब असलेला एक विद्यार्थी आईबरोबर बसला होता. कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या मागची कातडी जाड, काळपट. चादरीवरचे रक्ताचे डाग धुणं हेच आपलं सकाळचं पहिलं काम असायचं, आई म्हणाली. त्याला डुपिलुमॅब चालू आहे. आयएल-४ आणि आयएल-१३ हे दोन्ही संदेश ज्या एका दारातून आत शिरतात, ते दार हे औषध बंद करतं. इसबासाठी अमेरिकेतली मान्यता २०१७ ची, दम्यासाठी त्याच्या पुढच्या वर्षीची. पहिल्यांदा ६०० मिलिग्रॅम, मग दर पंधरवड्याला ३००. हे घरी घेता येतं. फ्रीजमधून काढून ४५ मिनिटं बाहेर ठेवायचं, घाई म्हणून गरम पाण्यात बुडवायचं नाही. “आता रात्री झोपतो,” एवढंच तो म्हणाला. डोळे मात्र लाल होते. डोळे येणं हा या औषधाचा ठाऊक असलेला त्रास आहे, त्यासाठी थेंब दिलेत.

त्याच रांगेत एक शेतकरी होते. चेहरा, मान, हात सोलवटलेले. पाहुण्यांनी मोबाइलवर वाचून ‘ते नवं इंजेक्शन’ सुचवलं होतं. डॉक्टरांनी पाठीवर पॅच टेस्टच्या पट्ट्या चिकटवल्या. त्यांचा संशय गाजरगवतावर होता. हे गवत भारतात पहिल्यांदा नजरेत भरलं तेच पन्नाशीच्या दशकात पुण्यात. त्याने होणारा त्वचेचा विकार इसबासारखा दिसतो, पण त्यात आयजीईचा संबंध नसतो आणि उपचारही निराळा.

पहिल्या तीन ओमालिझुमॅब इंजेक्शनांनंतर दोन-दोन तास बसवून ठेवतात, पुढे अर्धा तास. ॲलर्जीवरच्या औषधाचीच जोरदार ॲलर्जी येण्याची शक्यता हजारात एक-दोन जणांना असते, म्हणून ट्रेमध्ये ॲड्रिनॅलिन भरून ठेवलेलं. या दोन तासांत बोलणं होतं ते मुख्यतः पैशांचं. महिन्याचा खर्च अनेकांच्या पगाराइतका. विमा नियामकाने २०१९ मध्ये विम्यातून वगळता न येणाऱ्या आधुनिक उपचारांची यादी दिली, तिच्यात इंजेक्शनाने द्यायची मोनोक्लोनल प्रतिपिंडं आहेत. तरीही ‘चोवीस तास ॲडमिट नव्हता’ म्हणून दावा परत आल्याच्या कथा इथे प्रत्येकाकडे आहेत. फाइलमध्ये डे-केअरची नोंद, डॉक्टरांचं पत्र आणि औषधाचं बिल, तिन्ही लावूनच पाठवा, असं जुने रुग्ण नव्यांना सांगतात.

आणि थांबवायचं कधी? शाळेत शिकवणाऱ्या एका बाई पाच वर्षं ओमालिझुमॅब घेत आहेत, दोन वर्षांत एकही अटॅक नाही. अशाच दीर्घकाळ घेणाऱ्यांवर अमेरिकेत झालेल्या अभ्यासात, औषध बंद केलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना वर्षभर अटॅक आला नाही, चालू ठेवलेल्यांत हे प्रमाण दोन-तृतीयांश होतं. म्हणजे बंद करून बघण्यात अर्थ आहे, पण हमी नाही. बाईंनी डॉक्टरांशी सरळ व्यवहार केला. दिवाळीचे फटाके आणि थंडी जाऊ दे, दहावीच्या परीक्षा संपू दे, मग एप्रिलपासून अंतर वाढवत जाऊ. डॉक्टरांची अट एकच होती, इंजेक्शन कमी झालं तरी पंप रोजचा रोज.