एकेक मूर्ती नव्हे, एकेक रंग!

गणेशचतुर्थी तोंडावर आली, की देवरूख परिसरातील गणपतीच्या चित्रशाळांत रात्रीचा दिवस होतो. घराघरांतून आलेले पाट भिंतीशी उभे असतात, फळ्यांवर मूर्तींची दाटी असते. पण एक मूर्ती पूर्ण करून मग दुसरी हाती घेतली, असे येथे होत नाही. आधी सर्व मूर्तींना पांढरा हात, मग अंगाचा रंग, मग पीतांबर, मग दागिने आणि शेवटी डोळ्यांची आखणी. चतुर्थी कोणासाठी थांबत नाही. ती गाठायची, तर याला पर्याय नाही.

नेमकी हीच रीत सातासमुद्रापलीकडच्या एका छंदात दिसते. टेबलावर इंच-दीड इंच उंचीचे सैनिक मांडून लढाई खेळण्याचा हा छंद. इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात अशा खेळाचे नियम लिहिले. पुढे नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉप या कंपनीच्या ‘वॉरहॅमर ४०,०००’ने तो जगभर नेला. सैनिक सुट्या प्लास्टिक भागांत मिळतात. जोडणे व रंगविणे खेळाडूचे काम. २०२३ मध्ये आलेल्या दहाव्या आवृत्तीत सामन्याच्या १०० गुणांपैकी १० गुण पूर्ण रंगविलेल्या सैन्याला ठेवले आहेत. अटीतटीच्या सामन्यात एवढ्यावर निकाल फिरू शकतो.

नवखा खेळाडू पहिल्या सैनिकावर आठवडा घालवितो आणि स्पर्धेच्या आदल्या रात्री उरलेले तीस सैनिक कोरेच राहतात. जाणकार मात्र प्रथम एकच नमुना रंगवून रंग व त्यांचा क्रम ठरवितो. मग पाच ते दहा सैनिकांचा गट घेतो. भाग चौकटीतून कापणे, साच्याच्या रेषा खरवडणे, चिकटविणे हे सारे गटानेच चालते. ढालीसारखा आड येणारा भाग सुटाच ठेवला जातो, म्हणजे कुंचला आतवर पोहोचतो. अस्तराचा रंग वाळला, की सर्वांचे अंगरखे, मग सर्वांची शस्त्रे. त्यावर पातळ गडद रंग सोडला, की तो खाचांत उतरून सावली देतो. जवळजवळ कोरड्या कुंचल्याने उंचवटे उजळले, की आकार उठून दिसतो.

यात वेळ वाचतो तो कुठे? दहावा सैनिक रंगवून होईपर्यंत पहिला वाळत आलेला असतो. डबी एकदाच उघडते, कुंचला एकदाच धुतला जातो आणि एकाच बैठकीतील रंगामुळे सारे सैन्य एका छटेचे दिसते. घाई मात्र चालत नाही. दमट हवेत फवारलेले अस्तर खरखरीत होऊ शकते, तसेच ओल्या शाडूवर दिलेला रंगही पुढे सुटतो. कोकणातल्या कारागिराला हे सांगावे लागत नाही.

दिवाळीच्या किल्ल्यासाठी पांढरे मावळे आणून घरी रंगविणाऱ्या मुलांनीही ही रीत अवश्य करून पाहावी. एक अपवाद तेवढा ध्यानात ठेवावा. चित्रशाळेत रंग भरायला अनेक हात असले, तरी आखणीला सरावलेला हातच लागतो आणि ती एकेका मूर्तीसमोर बसूनच होते. सैन्याचा सेनापतीही असाच शेवटी, एकटा, सावकाश रंगवावा. बाकीच्यांवर वाचविलेला वेळ त्याच्यासाठीच तर असतो!